हात लावू का, साहेब?

पांढुर्ण्याच्या स्टेशन रोडवर गुलाबभाऊचं कटिंगचं दुकान होतं. आता तिथं मोबाईलची कव्हरं विकतात. दुकान म्हणजे काय, एक खुर्ची, एक बाकडं, भिंतीला मोठा आरसा आणि त्याच्या बाजूला खिळ्याला टांगलेला एक हातात धरायचा आरसा. मानेमागचे केस दाखवायचा असतो तो. त्या आरशाबद्दल मला सांगायचं आहे, पण आधी माणूस सांगतो.

माणूस चांगला कारागीर नव्हता. हे मी त्याला तोंडावर सांगायचो, आता पाठीमागं सांगतो. मिशी कोरायला दिली का एक बाजू बारीक करून ठेवे, मग तिच्यासाठी दुसरीही बारीक करे, आणि शेवटी म्हणे, "आता कसं, पोरासारखं तोंड दिसून राहिलं." बोलायला लागला का कैची हवेतच राहे. चहा थंड होई आणि शिव्या चहावाल्याला. पावडर लावताना हात आखडता. पोटात गोष्ट ठरत नसे. सकाळी त्याला सांगितलेलं संध्याकाळी मंडीतून फिरून आपल्याच कानावर येई, तेही मीठमसाला लावून.

तरी मी जन्मभर त्याच्याकडंच डोकं दिलं. माझं काम जिनिंगात, कापसाच्या गठाणी उचलायचं. सुटी झाली का अंगावरचा कापूस झटकायचा आणि त्याच्या बाकड्यावर जाऊन बसायचं. माझी बायको शांता म्हणे, "तुमचं लगन त्या गुलाबभाऊजीशीच लागाले पायजे होतं, माही सुटका झाली असती." ती गेल्यापासून असं बोलणारं घरात कोणी नाही. घर चालू आहे, जेवण वेळेवर मिळते, पण कोणी टोमणा मारत नाही.

गुलाबची एक खोड साऱ्या गावाला माहीत होती. लहान पोट्टं आलं का तो खुर्चीच्या दोन हातांवर फळी टाके. बाप पोराला फळीवर बसवे. गुलाब कंगवा घेई, जवळ येई, आणि हात हवेत तसाच ठेवून विचारे, "साहेब, हात लावू का?" पोरगी असली तर "मॅडम, हात लावू का?" ज्याला अजून बोलता येत नाही अशा पोरालाही विचारे. पोर मान हलवेपर्यंत थांबे. नाही म्हणालं तर खरंच थांबे. बाकड्यावर गिऱ्हाईक खोळंबलेलं, बाप चुळबुळ करून राहिलेला, आणि हा मजेत उभा.

मी म्हणायचो, "काय लावलं बे हे? पोट्ट्याले कायले विचारते?"

"डोकं त्याचं आहे, किसनभाऊ. तुले विचारत नाही, कारण तुह्या डोक्यात विचारण्यासारखं काही नाही."

त्याच्या दुकानात पोराला मारायचं नाही, हा नियम. पाटी नव्हती लावलेली. ज्याला माहीत नसे त्याला तिथंच कळे. एकदा एक बसचा ड्रायव्हर पोराला घेऊन आला. पोरगं फळीवर वळवळून राहिलं होतं. बापानं मागून डोक्यात एक ठेवून दिली. गुलाबनं कैची खाली ठेवली. मला वाटलं, आता ह्याची बडबड सुरू होते. पण नाही. त्यानं खिळ्यावरचा आरसा काढला.

"ड्रायव्हर साहेब, तुमचा हात रिकामा दिसून राहिला. हे धरा."

"मी?"

"दोन्ही हातानं धरा. बायकोच्या माहेरचा आहे, फुटला तर ती मले घरात घेणार नाही. थोडा खाली. पोराले त्याचं तोंड दिसलं पायजे. हं, आता हलवू नका."

ड्रायव्हर आरसा धरून उभा राहिला. पोरगं आरशात आपलं तोंड पाहू लागलं, जीभ काढू लागलं, आणि वळवळ थांबली. गुलाबनं मुद्दाम सावकाश कापलं. बापाचे दंड भरून आले, कपाळाला घाम सुटला, आरसा थरथरायला लागला. तेव्हा ते पोरगंच म्हणालं, "बाबा, तुम्हीच हलून राहिले ना!"

बाकड्यावरचे सगळे हसले. ड्रायव्हरही हसला. मग मानेवरचे केस झटकता झटकता गुलाब हळूच म्हणाला, "बस घाटात जास्त जोरात गेली, तर तुम्ही ब्रेक मारता का पॅसेंजरले मारता?"

"ब्रेकच मारन ना."

"बस. तेवढंच."

तेव्हापासून आमच्या मोहल्ल्यात ती बोलीच झाली. कोण्या घरात पोरावर ओरडणं वाढलं का शेजारची बाई भिंतीवरून म्हणे, "बाई गं, आरसा धर, आरसा!" ऐकणारी आधी चिडे, मग तिलाही हसू येई. हसणाऱ्या माणसाचा हात उठत नाही, हे गुलाबला कधी कळलं कोणास ठाऊक.

मला त्याचं पटत नव्हतं. मी सरळ म्हणालो, "आम्ही मार खाल्ला, मेलो का? उलट सरळ झालो."

तेव्हा तो माझेच केस कापून राहिला होता. त्यानं माझ्या उजव्या कानामागं बोट ठेवलं. तिथं जुना व्रण आहे, केस येत नाहीत. "हे काय आहे?"

"झाडावरून पडलो होतो."

"कोणत्या?"

"संत्र्याच्या."

"मागल्या पोळ्याले बोरीचं सांगितलं होतं. त्याच्या आधी चिंचेचं. लेका, झाड एकच सांगत जा."

 बैल हाकायची टोकदार काठी, तुतारी, होती ती, माझ्या बापाची. गुलाब कंगवा फिरवत म्हणाला, "मेला नाहीस, खरं आहे. पण बाप जाऊन इतकी वर्षं झाली, अजून त्याच्यासाठी खोटं बोलून राहिला. उद्या तुह्या नातवानं, राजूच्या पोरानं, कोणतं झाड सांगावं असं वाटते तुले?"

 त्या दिवशी त्यानं पावडर मात्र भरपूर लावली.

हे सारं त्याच्या डोक्यात कुठून आलं, ते मी पुष्कळदा विचारलं. दर वेळी वेगळंच सांगे. एकदा म्हणाला, माहा बाप फार मारे. एकदा म्हणाला, माह्या बापानं कधी बोटही लावलं नाही, म्हणून. एकदा तर म्हणाला, "टेंगूळ आलेल्या डोक्यावर मशीन नीट चालत नाही, धंद्याची गोष्ट आहे." मी विचारणं सोडलं. माणूस चांगलं करून राहिला तर करू द्यावं.

आता जावळाचं सांगतो. आमच्याकडं पोराचं जावळ काढतात तेव्हा पोर मामाच्या मांडीवर बसते. आत्या पदरात केस झेलते. न्हाव्याला धान्य, नारळ, दुपट्टा. बापाला तिथं काहीच काम नसते. तो मागं उभा राहून स्वयंपाकाकडं पाहते. गुलाबनं त्यात आपलं एक घुसवलं. डोकं साफ झालं, हळद लावायची वेळ झाली का तो वस्तरा बाजूला ठेवे आणि नारळाला हात न लावता म्हणे, "बाप कुठं आहे? बोलवा त्याले."

आत्याबाया कुरकुर करत, "बापाचं काय काम इथं?"

"माहा नारळ त्याच्याजवळ आहे."

बाप येई. गुलाब आधी पोराला विचारे, "साहेब, बाबानं हात लावला तर चालन?" मग बापाचा तळहात धरून त्या कोवळ्या डोक्यावर, टाळूवर, अलगद ठेवे. "काही लागून राहिलं का हाताले?"

"हाओ. खाली उडून राहिलं."

"काय उडून राहिलं?"

बाप अडखळे. कोणी नस म्हणे, कोणी जीव म्हणे.

"ध्यानात ठेव. थोड्या दिवसांनी ही जागा भरून येईल, वरून टणक लागन. पण खाली हेच आहे." आणि मग नारळ घेई.

माझ्या राजूचाही हात त्यानं असाच ठेवला होता, कुणालच्या जावळाच्या दिवशी. राजू हसला होता. कुणाल मोठा झाला, शाळेत जायला लागला, आणि राजू ती गोष्ट विसरला.

राजू संत्र्याची पिकअप चालवते. पांढुर्ण्याहून रात्री माल भरून निघायचा आणि पहाटे नागपूरच्या मंडीत पोहोचायचा. हंगामात झोप नसते, डोकं तापलेलं असते. एका संध्याकाळी कुणाल गाडीत खेळत बसला आणि लाइट तसेच चालू राहिले. निघायच्या वेळी बॅटरी उतरलेली. माल चढवून तयार, आणि गाडी घुर्र करून बंद. राजूनं पट्टा काढला.

सून सुनीता रडली नाही, भांडली नाही. सकाळी पिशवी भरली, कुणालचा हात धरला, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "मामाजी, मी माहेरी, रामाकोन्याले चालली. ह्यांचा हात थांबन तेव्हा येईन. थांबला नाही तर येणार नाही." मी तिला थांबवलं नाही. कोणत्या तोंडानं थांबवणार?

तेव्हा शांता खाटेवर होती. उठणं बंद झालं होतं. तिला साऱ्या घरात एक कुणालच पाहिजे असे. तो शाळेतून येऊन तिच्या पायथ्याशी बसे आणि शाळेतल्या चहाड्या सांगे, तेवढाच तिचा दिवस. तो गेला आणि तिनं तोंड भिंतीकडं केलं. गुलाब तिला पाहायला आला तर एवढंच म्हणाली, "गुलाबभाऊजी, माह्या नातवाले आणा. मले वेळ कमी आहे."

दुसऱ्या दिवशी राजू दाढीला गेला. मी बाकड्यावर होतो. राजूनं आधीच सांगून टाकलं, "काका, उपदेश करू नका. दाढी करा."

"मी कधी उपदेश करतो?" असं म्हणून गुलाबनं फेस लावला, एका बाजूची दाढी केली, वस्तरा पुसून ठेवला आणि पेपर घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला.

"काका, दुसरी बाजू?"

"ते रामाकोन्याले करून देतो."

राजूनं नको ते बोलून घेतलं आणि फडकं फेकून अर्ध्या दाढीनं घरी गेला. मी मागं मागं. घरी जाऊन स्वतः करणार होता, पण आरशापर्यंत पोहोचलाच नाही. खाटेवरून शांतानं त्याला पाहिलं. तिनं तोंड भिंतीकडून फिरवलं आणि ती हसायला लागली. पुष्कळ दिवसांनी हसली. खोकला लागला तरी थांबेना. "कोणत्या शेतातला उंदीर चावला रे बाबू?"

राजू तिच्याकडं पाहत उभा राहिला. मग तसाच पलटला आणि दुकानात जाऊन म्हणाला, "चला काका. कधी निघायचं?"

गुलाबनं भर दिवसा शटर पाडलं. आम्ही तिघं सौसरच्या बसमध्ये बसलो. राजूनं तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला. बसमधल्या एका म्हातारीनं विचारलं, "दात दुखते का, बाबू?" गुलाब म्हणाला, "नाही माय, अक्कलदाढ येऊन राहिली."

सौसरला बस बदलली. रामाकोन्याच्या वाटेवर राजू पहिल्यांदा नीट बोलला. "काका, पण राग आला तर करू काय? नुसता पाहत बसू?"

"राग येऊ दे ना. बाहेर जा, गाडीची काच पूस. दोन बालट्या पाणी मार. मंग आत ये आन पोराले सांग, लाइटनं बॅटरी कशी उतरते. तुले कोणी तरी शिकवलंच ना?"

"गॅरेजच्या मिस्त्रीनं. मारूनच शिकवलं."

 "मंग तो मिस्त्री तुले आवडत असन."

"त्याचं तोंड पाहत नाही मी."

"मंग."



सुनीताच्या बापाच्या अंगणात कुणाल खेळत होता. राजू पुढं गेला आणि डोक्यावरून हात फिरवायला म्हणून त्यानं हात वर केला. पोरगं दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसलं. असं बसायला त्याला कोणी शिकवलं नव्हतं. सुनीता दारात उभी होती, तिनं पाहिलं. मी पाहिलं. राजूचा हात वरच राहिला.

"हात खाली," गुलाब म्हणाला. मग उकिडवा बसून त्यानं कुणालला विचारलं, "साहेब, बाबानं हात लावला तर चालन?"

कुणालनं रामाकोन्याच्या आजोबांकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. "नाही."

"नाही म्हणाले. आज नाही." गुलाब उठला आणि जसं काही झालंच नाही तसा राजूला म्हणाला, "बस इथं, तुही दाढी राहिली आहे." त्यानं पिशवीतून वस्तरा काढला आणि तोच आरसा काढला. "साहेब, बाबाले आरसा धरता का? मले दोनच हात आहेत."

कुणालनं दूर उभं राहून हात लांब करून आरसा धरला. दाढी झाली. चहा झाला. आणि आम्ही त्यांना न घेता परत आलो.

शांता दाराकडं पाहत होती.  गुलाबनंच सांगितलं, "वहिनी, पोरानं नाही म्हटलं. त्याचं 'नाही' खरं मानलं, आता त्याचं 'हो' पण खरं येईल." तिनं तोंड परत भिंतीकडं केलं. मी त्या दिवशी गुलाबला मनात शिव्या दिल्या. तिच्याजवळ दिवस कुठं होते? उचलून आणलं असतं तर आणलं असतं!

त्यानंतर राजू एकटाच जायला लागला. नागपूरहून गाडी रिकामी करून परस्पर सौसरमार्गे जाई. अंगणात उभा राही, विचारे, पोराचं 'नाही' ऐके, परत येई. एकदा गुलाबकडून आरसा मागून घेऊन गेला. का, ते मला माहीत नव्हतं. मग सुनीतानं सांगितलं. आदल्या खेपेला कुणाल म्हणाला होता, "आधी आरसा धरा." म्हणून राजूनं आरसा नेला, अंगणात पोराच्या पुढं गुडघ्यावर बसला आणि दोन्ही हातानं धरला. पोरानं बराच वेळ धरायला लावला. आरशात पाहिलं, दात पाहिले, नाक पाहिलं. मग आरशाच्या बाजूनं डोकं काढून म्हणालं, "चालन."

संध्याकाळी पिकअप दारात थांबली. कुणाल उडी मारून खाली उतरला आणि आधी खाटेकडं पळाला. शांतानं त्याला बाकी काही विचारलं नाही. "शाळेत कोण कोणाशी भांडलं रे?" एवढंच. दुसऱ्या दिवशी राजू त्याला बॅटरीच्या दुकानात घेऊन गेला, चार्जिंग कसं होते ते दाखवायला. पोरगं घरी येऊन मलाच शिकवायला लागलं.

राजू एका दिवसात देव झाला नाही. महिनाभरातच एकदा कुणालनं दुधाचं भांडं उलटवलं आणि राजूचा हात वर गेला. तेवढ्यात आतून, खाटेवरून, तिच्या त्या फाटक्या आवाजात शांता ओरडली, "राजू! आरसा!" राजू थबकला. त्याच हातानं त्यानं भिंतीवरचा आरसा काढला आणि दुधाच्या थारोळ्यात तसाच धरून उभा राहिला. कुणाल हसला, सुनीता हसली, आणि खाटेवरची सगळ्यात जास्त हसली. तिचा मला आठवणारा शेवटचा मोठा आवाज तो आहे. माझ्या वाट्याला चांगला आवाज आला.

पौषात ती गेली. दहाव्याला आम्ही नदीवर बसलो. आधी राजूचं मुंडण झालं, मग मी बसलो. थंडी होती. मी मान खाली घालून वाट पाहत होतो, पण डोक्याला पाणी लागेना. वर पाहिलं तर गुलाब हात हवेत धरून उभा. साऱ्या जन्मात त्यानं मोठ्या माणसाला कधी विचारलं नव्हतं.

"किसनभाऊ, हात लावू का?"

 मी मान हलवली. मग त्यानं हात ठेवला, आणि वस्तरा न घेता बराच वेळ तसाच ठेवला. 

पुढं गुलाबचा हात थरथर कापायला लागला. हसून म्हणे, "आता मीच हलून राहिलो." दुकान विकलं आणि सौसरला लेकीकडं राहायला गेला. जाताना तो आरसा राजूला देऊन गेला. आमच्या दाराशी टांगलेला आहे. एक कोपरा उडाला आहे, तरी कोणी बदलू देत नाही.

अलीकडं सौसरहून फोन आला, गुलाब झोपेतच गेला म्हणून. मी आणि राजू जाऊन आलो. पण तो चेहरा मी धरून ठेवला नाही. माझ्याजवळ त्याच्या आधीचा आहे, माझ्या नातीच्या जावळाच्या दिवशीचा.

राजूला मुलगी झाली. तिच्या जावळाला गुलाब सौसरहून बसनं आला. वस्तरा धरणं जमत नव्हतं, म्हणून डोकं दुसऱ्या तरुण न्हाव्यानं केलं. गुलाब खुर्चीवर बसून त्याच्या चुका काढत होता. हळद लावायची वेळ झाली आणि त्यानं मान वळवली, बापाला बोलावायला. राजू आधीच येऊन उभा होता. हात धुतलेले, पँटला पुसून कोरडे केलेले. तो पोरीजवळ वाकला. "मॅडम, हात लावू का?"

गुलाबनं नारळ उचलून मांडीवर घेतला.

मी त्याला बस स्टँडवर सोडायला गेलो. त्याला खिडकीजवळची जागा मिळाली. शेजारी एक बाई, तिच्या मांडीवर लहान पोर, डोक्यावर ताज्या तेलाचं जावळ. बस निघायला वेळ होता. मी खालून पाहून राहिलो होतो. गुलाबनं थरथरता हात वर केला, पोराच्या डोक्यापासून थोडा दूर थांबवला आणि काहीतरी विचारलं. काय विचारलं, ते मला ऐकू न येताही कळलं.

पोरानं जोरात मान हलवली. नाही.

गुलाबनं हात परत नारळावर ठेवला, माझ्याकडं पाहिलं आणि असा खूश हसला जसं कोणी त्याला मोठा मान दिला. बस सौसरकडं निघाली.